तारेखालचा दोरा

आटपाट नगर नव्हतं, नोएडातला नुसता नंबराचा सेक्टर होता. तिथं गुणवंत नावाचा सरकारी नोकर, त्याची बायको हेमलता आणि एकुलती लेक देवयानी राहत होती. हेमलता माझी शेजारीण. तिनं सांगितलं तेच सांगते, पदरचं काही नाही. साकेत, तो मोबाइल उलटा ठेव बघू.

देवयानी गायची. तीन वर्षं नुसत्या ऑडिशन, हाती काही लागेना. शेवटी काश्मिरी गेटजवळच्या एका शंभर वर्षं जुन्या हॉलमध्ये अर्धा तास गायला बोलावलं. मोठमोठे गवई गाऊन गेलेली जागा. एका संगीतशाळेचे लोक ऐकायला येणार होते. आवडलं तर शिकवायची नोकरी. गुणवंतनं बजावलं, "हे शेवटचं. नाही जमलं तर तानपुरा मिरजेला, तुझ्या आजोळी परत."

कार्तिकातली अवस, शनिवार. गाणं सातला. गुणवंत म्हणाला, लवकर जाऊ, हॉल बघू, जुनी दिल्ली बघू. झालं! चौकीदार म्हणतो, "चार बजे के बाद आना." मग काय, भला मोठा तानपुरा घेऊन चांदनी चौकात! दरीब्याच्या गल्लीत रिक्षा अडकली. गुणवंतला जिलबी खायचीच होती.

हेमलता कडाडली, "वऱ्हाडात आलोय का आपण?"

"अगं, बावीस वर्षं झाली दिल्लीत, एकदा तरी बघू दे यार!"

तेवढ्यात हातगाडीचा धक्का बसला. तारा झणझणल्या.

हॉलवर पोचायला साडेसहा. पाहतात तर तारांखालचे दोरे गळालेले.

"आजी, दोरे कसले?"

अरे, तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो नीट बसला तर तार गुंजते. नाहीतर पत्र्यासारखी टण टण.

त्यात मागे तानपुरा धरायला तिची मैत्रीण रुचिता येणार होती मुनिरक्याहून. तिचा फोन, मेट्रो बंद पडलीय. गुणवंत म्हणाला, "बघ, नशिबातच नाही." देवयानीला रडावं की ओरडावं कळेना. हेमलता दोरा मागत वणवण फिरली. एवढ्या मोठ्या हॉलात एक दोरा नाही!

देवयानी तानपुरा घेऊन स्टेजमागच्या खोलीत शिरली. दिवा नव्हता. कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली. पांढरे केस कमरेपर्यंत मोकळे.

"आण इकडं." चक्क मराठीत.

अंधारात बोटं चालली. तार गुंजली. अशी गुंजली, की पोरीच्या अंगावर काटा.

"मी बसते मागं. चाळीस वर्षं बसले इथं. गाणाऱ्याचं नाव घेतात. तबल्याचं घेतात, पेटीचं घेतात. माझं..." म्हातारीनं दात-ओठ खाल्ले. "एकदासुद्धा नाही. तू घेशील?"

"काय नाव?"

"वृंदा."

सात वाजून दहा मिनिटं. निवेदकानं नावं घेतली. गायिका. तबला. पेटी. संपलं. देवयानीनं माईक ओढला.

"आणि तानपुऱ्यावर... वृंदाबाई."

पेटीवाल्या म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यानं मागं पाहिलं नाही. मान खाली घातली.

गाणं सुरू झालं. पाठीशी सूर. भरलेला, गार. श्वास मात्र नाही. हालचाल नाही. नुसता सूर...

टाळ्या पडल्या. देवयानी वळली. तानपुरा गादीवर आडवा. कोणी नाही.

"बाबा, त्या बाई?"

पहिल्या रांगेतला गुणवंत बघतच राहिला. "मागं... कोणी नव्हतं गं."

पेटीवाला हळूच म्हणाला, "बेटा, ये नाम तुम्हें किसने..." आणि पेटी मिटायला लागला.

पंधरा दिवसांत पत्र आलं. नोकरी लागली! गुणवंतनं आपण होऊन तानपुऱ्याला नवी गवसणी शिवून आणली. ती चढवताना हेमलताचं लक्ष तारांकडं गेलं. सूत नव्हतं. चारही तारांखाली केसांचा बारीक पीळ. पांढरा.

आज देवयानी बारा मुलींना शिकवते. वर्ग सुरू झाला, की आधी मागं तानपुरा धरून बसणारीचं नाव घेते. मगच सा लावते.

ते केस अजून तिथंच आहेत.