चुडामणच्या चाकाची धाव

"तो मरी गया, आसं तोंडमातीन काढू नका. धाव बाजारमातीन लयेल शे, इतलंच सांगा."

भिंतीपलीकडून सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या. मी अलीकडे जात्यावर बसले होते. नव्या सुनेला घरात दोनच कामं नेटानं करावी लागतात, दळण आणि न ऐकणं. दुसरं मला कधी नीट जमलं नाही.

'तो' म्हणजे माझा धाकटा दीर, चुडामण. माझं लग्न होण्याच्या चार वर्षं आधी श्रावणात तापीला पूर असताना त्यानं उतारावरून पाण्यात गाडी घातली. बैल सापडले. पुढे पाणी ओसरल्यावर वाळूत एक चाकही सापडलं. चुडामण मात्र सापडला नाही. म्हणून सासूबाईंनी त्याचे दिवस घालू दिले नाहीत. चाकाचं लाकूड कुजून गेलं, राहिली ती त्याच्यावरची लोखंडी धाव. ती माळ्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि सासूबाई रोज पदरानं तिची धूळ पुसत.

लढाईचे दिवस होते. नंदुरबारच्या बाजारात घोड्याच्या नालाइतकंही लोखंड मिळत नव्हतं. गाडीला नवं उजवं चाक तर करून ठेवलेलं, पण त्याला धाव नाही. शेवटी चुडामणचीच धाव चढवायची ठरली.

धाव बसवायला फत्तेसिंग आला. हा गाडीलोहार भाता, ऐरण, हातोडे सगळं स्वतःच्या गाडीत घालून गावोगाव फिरायचा आणि ज्याच्या त्याच्या दारात काम करून द्यायचा. त्यानं अंगणात गोवऱ्यांचं कडं रचलं, त्यावर धाव ठेवली आणि विस्तव हातात घेऊन सासऱ्यांकडे बघत थांबला.

"भिलाबाबा, या लोखंडाचा धनी कोण?"

"कसाले रे?"

"आमची रीत आहे. धनी जिता असेल तर काही हरकत नाही. मेलेला असेल तर घरच्यानं एकदा म्हणायचं, तुझं झालं, आता जा. मग आग. नाहीतर तो गाडीतून उतरत नाही."

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"बाजारनी शे," सासरे म्हणाले. "नवल, सांडशी लई ये."

गोवऱ्या पेटल्या. धाव लाल झाली. फत्तेसिंगनं आणि माझ्या नवऱ्यानं सांडशीनं ती उचलून चाकावर घातली. लाकूड जळायला लागलं. मी घागर ओतली. तापल्या धावेवर पाणी पडलं की कसा आवाज होतो, ते मी माहेरी धानोऱ्याला शंभरदा ऐकलेलं. इथं काहीच झालं नाही. वाफ नाही, चुर्र नाही. पाणी लोखंडात मुरल्यासारखं नाहीसं झालं, आणि भर चैत्रात अंगणभर पुराच्या गाळाचा वास सुटला... कुजका, थंड.

फत्तेसिंगनं भाकरीला हात लावला नाही. सामान भरताना तो हळूच म्हणाला, "बेटी, ह्या गाडीला पाणी ओलांडू देऊ नको."

माझा नवरा तर दुसऱ्याच दिवशी तापी उतरून तळोद्याला लाकडं आणायला निघणार होता. रात्री मी दबकत म्हटलं, "जाऊ नका ना."

"फत्तेसिंगनी तुलेबी भ्याव दाखाडं का?" तो हसला. "आते तापीमा गुडघाभर पाणी शे. म्हैस बठनी ते तिनी पाठ वल्ली व्हत नही. परवा दिवा लागाना आगोदर येसू."

सकाळी गाडी गेली. मी शेण टाकायला म्हणून वाटेवर गेले. धुळीत चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या. डावी कोरडी होती. उजवी ओली. नदी तिथून अर्धा कोस लांब. मी बोट लावून पाहिलं. चिखल बर्फासारखा गार होता.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तरी भिलाबाबांच्या सुनेला ऊन लागलं, एवढंच गावात झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गाडी आली. आधी तिचा आवाज आला, मग लाकडं दिसली, मग तो. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बैल फाटकातच अडले. एक तर खालीच बसला, उठेना. तो उतरला आणि त्यांच्याकडे न बघता घरात आला. पाय धुतले नाहीत. रोज तो दाराशी बसायचा. आज थेट आत जाऊन कोपऱ्यातल्या कणगीला टेकून बसला. त्या जागी या घरात कुणालाच बसताना मी पाहिलं नव्हतं.

सासरे अंगणातून आत आले, आणि त्याला तिथं बसलेला पाहून उंबऱ्यातच थांबले.

सासूबाईंनी ताट वाढलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कितला उशीर करा रे बेटा," त्या म्हणाल्या. "कितला उशीर..."

गाडी तर दिवेलागणीच्या आधीच आली होती.

त्यानं घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे, तीच भुवईवरची खोक. चेहऱ्यात कुठंच काही फरक नव्हता. मग तो अदबीनं, नजर खाली घालून म्हणाला,

"वहिनी, जरासं पाणी द्या ना."

सासूबाईंचा हात त्याच्या पाठीवर तसाच होता. तो त्यांनी काढला नाही. सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी काही ऐकलं नसेन, अशी त्यांना आशा असावी.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"आई... मामंजी..." मी म्हणाले, "गाडी आली. नवल अजून आले नाहीत."