अर्ध्या रेघांमधला चेहरा

जुनी डीव्हीडी नव्या मोठ्या टीव्हीवर लावली की चित्र फाटकं का दिसतं, हे लोकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. लोक टीव्हीला शिव्या घालतात. टीव्हीचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मोजक्या रेघांचं चित्र एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ताणायचं म्हणजे पोराचा सदरा बापाच्या अंगात घालायचा. पण नीट हात फिरवला तर तेच चित्र असं उजळतं, की बघणारे डोळे पुसतात. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा माजच होता.

त्या दुपारी मी मास्तरांकडे गेलो. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. दार उघडून मला आत घेतलं, मीच मागे कडी लावली. स्क्रीनवर उजेड पडत होता म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. खोली अंधारली आणि बंद कपाटासारखा वास येऊ लागला.

"मुलीच्या वाढदिवसाचं घरीच केलेलं शूटिंग आहे," मास्तर म्हणाले. "माझी बायको गेली, हिचं एवढंच उरलंय. शेवटी ही माझ्याशी काहीतरी बोलते. मला ऐकू येत नाही हो, मी ओठ वाचतो. आणि नेमके ओठच दिसत नाहीत. ती काय म्हणते तेवढं एकदा कळू दे मला."

मी कामाला लागलो. पिवळी वायर काढून एचडीएमआय लावली. रुंदीला ताणलेलं चित्र मूळ मापावर आणलं, तशी सगळी माणसं एका झटक्यात बारीक झाली. मास्तर हसले. शार्पनेस शून्यावर नेला. लोकांना वाटतं तो वाढवला की स्पष्ट दिसतं, पण त्यानं नुसत्या कडा खरखरीत होतात. मेणबत्त्या, केक, फुगे, मुलीच्या फ्रॉकची झालर, सगळं कसं स्वच्छ झालं.

मास्तरांची बायको मात्र नाही. तिचा चेहरा कंगवा फिरवल्यासारखा आडव्या रेघांत फाटलेला होता.

हे असं का होतं ते मला पाठ आहे. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं. एका अर्ध्यात एक सोडून एक रेघ, उरलेल्या रेघा दुसऱ्यात. दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. नवा टीव्ही ती दोन्ही एकत्र जोडतो, मग हलणाऱ्या वस्तू फाटतात. पण बाई तर हलत नव्हत्या! शेजारी मुलगी उड्या मारत होती, ती साफ दिसत होती. मला नवल वाटलं. भीती नाही, नवलच.

माझ्या पिशवीतल्या प्लेयरमध्ये एकच अर्धं दाखवायची सोय आहे. तो जोडला. पहिलं अर्धं लावलं. बाई केककडे बघून हसत होत्या. ओठ मिटलेले.

दुसरं अर्धं लावलं.

तोच केक, तेच फुगे. बाई मात्र आमच्याकडे बघत होत्या. हसू नव्हतं. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कोण मान वळवेल? मी पुन्हा पहिलं लावलं. हसू. दुसरं... नजर.

"थांबा!" मास्तर पुढे सरकले. त्यांचे ओठ बायकोच्या ओठांबरोबर हलू लागले. "दार... दार लावा. दार लावा म्हणतेय!" ते खो खो हसले. "जन्मभर हेच! आणि मी काय काय मनात आणत बसलो होतो!"

मी सहज मागे पाहिलं. मी स्वतः कडी लावलेलं दार वीतभर उघडं होतं.

जाऊन लावलं. बाहेर जिन्यावर कोणी नव्हतं. कडी सैल असेल, म्हटलं. परत येऊन तोच भाग पुन्हा लावला, कारण डीव्हीडी शंभरदा लावली तरी तेच दाखवणार, हे मला शिकवायची गरज नाही.

आता बाई बोलत नव्हत्या. ओठ घट्ट मिटलेले. नजर दारावरही नव्हती. ती हळूहळू खोलीत आत आत सरकत होती... कपाटापाशी... टेबलापाशी... चालणाऱ्याच्या मागे डोळे फिरतात ना, तशी.

"मास्तर... बंद करू या का?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "माझ्याकडे बघतेय ती. बघा, बघा, माझ्याकडेच!"

रोज स्क्रीनसमोर बसून कोन जुळवणारा माणूस मी. ती नजर त्यांच्यावर नव्हती. हातभर डावीकडे होती. तिथे वेताची एक रिकामी खुर्ची होती.

मी त्यांच्या समोर जाऊन ओठ हलवत विचारलं, "ही खुर्ची कुणाची?"

"तिचीच." त्यांनी नजर वळवून पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि त्यांना ते कळलं. पण त्यांना कळलं ते त्यांच्या मनासारखं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अगं, असं होय! जागा मागतेयस?" त्यांनी खुर्चीवर हळूच थोपटलं. "ये, बस. तुझीच आहे. ती गेल्यापासून कुणाला बसू दिलं नाही हो मी इथे."

मी रिमोट शोधत होतो. तो हाताला लागेना.

स्क्रीनवर फुग्यांच्या मधोमध उभ्या राहून बाई जोरजोरात मान हलवत होत्या. नाही, नाही, नाही.

आणि मास्तरांच्या शेजारी वेत करकरला, आणि खुर्चीची वीण मधोमध खाली गेली.