ऑसगुडच्या दुकानाबाहेरची रांग

ही खरी गोष्ट आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

राजकन्येचं लग्न झालं त्याच्या नंतरचा शनिवार. साल सत्तेचाळीस. गाव इंग्लंडातलं हल, आमची मॅरो स्ट्रीट. भर दुपार होती, पण धुकं असं की समोरच्या घराचं दार दिसेना.

त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या बायका पार खुळावल्या होत्या. राजकन्येच्या झग्यासाठी म्हणून आपली कपड्यांच्या रेशनची कुपनं पोस्टानं पाठवत होत्या. स्वतःच्या अंगावर काय, तर नवऱ्याची जुनी पँट उसवून शिवलेला स्कर्ट. कुपनं दुसऱ्याला देणं गुन्हा, म्हणून ती सगळी परत आली. तर या बसल्या रडत.

त्यात सगळ्यांत पुढे माझी भावजय, म्युरिअल.

म्युरिअलचं डोकं म्हणजे रिकामा डबा. रांग दिसली की ही शेपटाला उभी. कशाची रांग, हे विचारायचं नाही. विचारणं बरं दिसत नाही म्हणे. एकदा अशीच उभी राहिली, तर पुढे भलत्याच माणसाचं मयत निघालं. तिथेही बाईंनी सांत्वन केलं आणि सँडविच खाऊन आल्या.

त्या दुपारी ती बटाटे आणायला गेली. बटाटेसुद्धा रेशनवर गेले होते. आम्ही युद्ध जिंकलो होतो, बरं का.

तिची तान्ही पेगी माझ्याकडे होती. पेगी भुकेनं रडून रडून निळी पडली, तरी म्युरिअलचा पत्ता नाही. शेवटी पोरीला शेजारच्या मिसेस हेब्डनकडे टाकलं आणि चडफडत निघाले.

गल्लीच्या टोकाला पूर्वी ऑसगुडचं मटणाचं दुकान होतं. एक्केचाळीस साली तिथे बॉम्ब पडला. सॉसेज आल्याची आवई उठली होती, बाहेर ही मोठी रांग. भोंगा वाजला. एकही बाई हलली नाही. जागा जाईल ना!

सॉसेजसाठी मेल्या. मी तेव्हाही त्यांना मूर्ख म्हटलं होतं, आजही म्हणते.

आता तिथे नुसता तळघराचा खड्डा उरलाय. विटा आणि रान.

म्युरिअल तिथे उभी होती.

एकटी. हातात टोपली, तोंड खड्ड्याकडे.

"म्युरिअल, काय करतेयस इथे?"

"हळू बोल गं. लोक ऐकतील."

"कुठले लोक?"

मग... तिनं एक पाऊल पुढे टाकलं. पुढचं माणूस सरकल्यावर आपण टाकतो ना, तसं.

खड्ड्याचा काठ हाताच्या अंतरावर होता.

मी तिचा दंड धरून ओढला. हलेना. एवढीशी बाई, पण जमिनीत रोवल्यासारखी.

"पेगी उपाशी आहे. चल घरी."

"कशी येऊ? एका बाईंनी मला जागा धरायला सांगितली, आणि त्या गेल्या. आता सोडून कशी जाऊ? बरं दिसतं का ते?"

बरं दिसतं का! खड्ड्यात पडली असती, पण चारचौघांत वाईट दिसायला नको. मला असा संताप आला.

"बरं बाई," मी म्हटलं. "तुझी जागा मी धरते. तू जा."

म्युरिअल हसली. "थँक्यू हं, विनी." आणि टोपली सावरत धुक्यात चालती झाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मीही निघणार होते.

पण... समोर टोप्या दिसल्या.

बायकांच्या टोप्या. ओले कोट. सगळ्या पाठमोऱ्या. प्रत्येकीच्या खांद्याला गॅस मास्कचं खोकं. युद्ध संपल्यावर, सत्तेचाळीस साली ते कोण वागवतं?

जळक्या विटांचा वास आला.

मग माझ्या मागे... कुणीतरी हलकेच खाकरलं.

"जरा पुढे सरकता का, प्लीज?"

आवाज अगदी अदबीचा. मेल्यावरही यांची अदब सुटत नाही.

मी पळत सुटले. घरी पोचले तेव्हा म्युरिअल पेगीला मिसेस हेब्डनकडून आणून पाजत होती.

"कसली रांग?" ती म्हणाली. "मी बटाटे घेऊन सरळ घरी आले."

टोपलीत खरंच बटाटे होते.

वाटलं, संपलं. पण सोमवारी सिंकपाशी भांडी घासत होते, आणि... मागे कुणीतरी खाकरलं. माझा पाय आपोआप पुढे सरकला.

तेव्हापासून सात वर्षं हे चालू आहे. कधी लाँड्रीत कामावर, कधी बसच्या थांब्यावर. महिना महिना काही नाही. मग खाकरणं, आणि समोर त्या टोप्या. प्रत्येक वेळी एक कमी.

या जुलैत मटणसुद्धा रेशनमधून सुटलं. बायकांनी अंगणात रेशनची पुस्तकं जाळली, वर नाचल्या. रांगा संपल्या म्हणे.

माझी नाही संपली. आता पुढे एकच टोपी आहे, तपकिरी. तिच्यापलीकडे धुकं, आणि तो विटांचा वास.

सुटायचं कसं, ते मला कळतं. जागा धर, असं कुणाला तरी म्हणायचं आणि त्यानं हो म्हणायचं. या गावात नाही कोण म्हणणार? मिसेस हेब्डन तर आनंदानं धरेल. तिच्या पुढ्यात गेले की वाक्य ओठांवर येतं. गिळते. किती दिवस गिळेन, सांगता येत नाही.

काल म्युरिअल पेगीला घेऊन आली होती. मी सिंकपाशीच होते. माझा चेहरा उतरलेला बघून ती जवळ आली.

"विनी, दमलीस तू. जा, बस जरा. तुझ्या जागी मी उभी राहते."

गाढव आहे ती. पूर्वीही होती. पण टेबलाशी पेगी पाव खात बसली होती, आणि त्या पोरीला आई हवी.

"नको," मी ओरडले. "हात लावू नकोस मला."

"खडूस ती खडूसच," म्युरिअल पुटपुटली आणि पोरीला घेऊन निघून गेली.

दार लागलं. घरात मी एकटी.

आणि मागे... कुणीतरी अदबीनं खाकरलं.