घरच्याच झाडाचा निकाल

“कमाल आहे हं वहिनी तुझ्या हातोडीची! दादाच्या मनात जे होतं, तेच नेमकं तिला झाडाच्या पोटातून ऐकू आलं!”

नणंद सहज बोलल्यासारखं बोलली, पण वाढता वाढता वहिनीचा हात जागीच थबकला. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. आणि आबा... ज्या सासऱ्यांनी आजवर तिला कधी वेडावाकडा शब्द ऐकवला नव्हता, ते आबा तिच्याकडे न बघताच भरल्या ताटावरून उठले!

सकाळीच तिनं घरात सांगितलं होतं, परसातलं झाड तोडावं लागेल.

ती वृक्षतज्ज्ञ होती. कुठे इमारत उभी राहायची असली, शाळेच्या आवारात एखादं झाड कलायला लागलं, की तिला बोलावणं यायचं. कुठलं झाड राखायचं आणि कुठलं काढायचं हे ती सांगायची, आणि एकदा सांगितलं की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरवायची नाही. बांधकामवाले तिच्या नावानं बोटं मोडायचे. “या बाईला माणसांपेक्षा झाडंच जवळची,” असं म्हणायचे. त्या बोलण्याचा तिला अभिमानच होता... आणि आज तिच्याच घरात तिच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती!

घर तसं लहान. लेक मोठी होत होती, तिची कॉट मधल्या चिंचोळ्या जागेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. मागे एक खोली काढावी असं नवऱ्याच्या फार मनात होतं, पण तिथे ते झाड उभं. सासूबाईंनी नव्या घरात येताना डब्यातून आणलेलं रोप पुढे छपरावर गेलं होतं. आबांशी भांडण झालं की सासूबाई तडक झाडाशी जाऊन बोलायच्या. “तुमच्यापेक्षा हे बरं ऐकतं,” असं वर ऐकवायच्या. त्या गेल्या, आणि त्यांच्या जागी आबा बुंध्याशी खुर्ची टाकून बसू लागले.

खोलीच्या परवानगीसाठी झाडाचा अहवाल हवा होता. ती म्हणाली होती, “घरच्या झाडाचा निकाल घरच्या माणसानं देऊ नये. बाहेरून कुणाला तरी बोलावू.” पण आबा हट्टाला पेटले. “परक्याचा हात मी त्याला लावू देणार नाही. बघायचं तर तूच बघ.” आणि तिची बुद्धी फिरली म्हणायची, ती हो म्हणून बसली!

वरून झाड कसं हिरवंगार होतं! पण तिनं बुंध्यावर लाकडी हातोडी मारली मात्र, खाली मुळांपाशी रिकाम्या डब्यासारखा बद्द आवाज आला. तिनं बारीक गिरमिट लावलं. थोडं आत जाईपर्यंत लाकडानं जोर केला आणि मग पातं लोण्यात शिरावं तसं सुळकन आत गेलं. ती गुडघ्यांवर बसून भिंतीकडच्या बाजूनं वाकली, तर तिथे ताजे व्रण! आतून कुजलेल्या झाडाच्या बुडाशी कडक अळंबी फुटतात. ती कुणीतरी वेळोवेळी मोडून टाकली होती आणि वर माती फासली होती. तिथे बसणारं माणूस घरात एकच होतं...

मग ती माती तिनं पुन्हा तशीच सारखी केली. झाड आतून पोकळ आहे, घराच्या बाजूला कललंय, काढायला हवं, एवढंच तिनं सांगितलं. व्रणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. एका शब्दानं तिला नणंदेचं तोंड बंद करता आलं असतं! पण मग नातीच्या डोक्यावर मरण टांगतं ठेवलं म्हणून तो म्हातारा जीव आपल्याच मुलांच्या नजरेतून उतरला असता.

तरीही मान ताठ ठेवून तिला वावरता येईना. कारण तो बद्द आवाज कानी पडला तेव्हा वाईट वाटायच्या आधी मनात दुसरंच काही उमटून गेलं होतं. ‘चला, खोली होणार!’ हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, पण ते तिला आतून कुरतडत होतं. हातोडीनं खरं तेच सांगितलं की आपल्याला हवं तेच आपण ऐकलं? कुणाचं लक्ष नसताना ती जाऊन पुन्हा पुन्हा बुंधा ठोकून बघायची. आवाज तोच यायचा... आणि मन मात्र निवायचं नाही.

झाड तोडायला माणसं आली त्या सकाळी आबांनी आपल्या खोलीची खिडकी लावून घेतली. दोर बांधून वरच्या फांद्या एकेक उतरू लागल्या आणि प्रत्येक फांदीचं लाकूड ताजं, रसरशीत, कीड म्हणून नाही! नणंदेनं डोळ्याला पदर लावला. “आईचं झाड गं... कुठं काय झालंय त्याला?” नवरा जवळ येऊन हलकेच म्हणाला, “तुझी खात्री आहे ना?”

त्याचीच तर सगळी घाई होती! आणि आता तोही... आपण चुकलो असलो तर? सासूबाईंचा जिताजागता जीव आपण एका खोलीसाठी कापायला लावला असला तर?

दुपारी करवत बुडाशी लागली. थोडी आत गेली आणि एकदम आवाज बदलला. तपकिरी भुसा भसाभसा बाहेर सांडला. बुंधा आडवा झाला तेव्हा सगळे बघतच राहिले. आत एखादं पोर बसेल एवढी पोकळी, भोवती वीतभरही जिवंत लाकूड नाही! आणि झाड कललं होतं ते सरळ आत लेकीची कॉट होती त्या बाजूला...

“खरी ठरले मी!” तिचं मन आनंदानं उसळलं. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी शिसारी आली, की ती मटकन खालीच बसली. झाड आडवं पडलंय, आणि आपल्याला आनंद होतोय!

“वहिनी...” नणंद तिच्याकडे वळली. पण पुढे काही बोलायच्या आत दार उघडलं आणि आबा बाहेर आले. पोकळीपाशी जाऊन उभे राहिले.

“हिची माफी मी मागायला हवी,” ते मुलांना म्हणाले. “अळंबी उगवायची आणि मी मोडायचो. दिसली नाहीत तर झाड राहील असं वाटायचं. सून घरची, करील डोळेझाक, म्हणून हिलाच बघायला लावलं. तिनं नाही केली... आणि तुम्ही तिला बोललात, तेव्हा मी तोंड शिवून बसलो!”

“मला माहीत होतं, आबा.”

“माहीत होतं? आणि बोलली नाहीस?”

“कुठल्या तोंडानं बोलणार?” तिचा बांध फुटला. “मला ती खोली हवी होती, आबा! आवाज ऐकला आणि पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आज बुंधा पोकळ निघाला, तेव्हाही बरं वाटलं... अशी कशी हो मी?”

आबा कसेबसे तिच्याशेजारी खाली बसले. “लेकीसाठी खोली हवीशी वाटणं पाप असतं, तर जगात एक आई सुटली नसती. पाप माझं. मेलेल्या माणसासाठी मी जित्या पोरीला पणाला लावलं.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नणंद रडत येऊन गळ्यात पडली. नवरा मात्र लांबच उभा राहिला. आपण काय विचारलं होतं, ते त्याला आता कळत होतं.

पुढे गवंडी आला तेव्हा तिनंच त्याला हात जोडले. “राहू द्या. आम्हाला नको खोली.” नवऱ्याचाही आग्रह उरला नव्हता. गवंडी सामान आवरू लागला, तशी आबांनी त्याच्या हातातली आखणीची दोरी घेतली आणि जाऊन एका कोपऱ्यात उभे राहिले.

“धर गं दुसरं टोक.”

“आबा, नको...”

“धर म्हणतो ना! पोर किती दिवस वाटेत झोपणार?”

तिनं टोक धरलं. मोकळ्या मातीवरून दोरी ताणली गेली आणि सारखी थरथरत राहिली. “जरा स्थिर धरा की कुणीतरी,” गवंडी म्हणाला. कुणाचा हात कापतोय, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.