मागच्या दाराची काच

लष्करी वसाहतीतली समाजसेविका म्हणजे साऱ्या गावची उठाठेव. कुणाची बदली अडलेली, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा नवरा सरहद्दीवरून परतल्यापासून झोपतच नाही. बायका तिला नुसतं ताई म्हणत. "ऐकून घेतात, उपदेशाचे डोस पाजत नाहीत," एवढ्यावरच त्या तिच्यावर खूश होत्या.

हवालदाराच्या घरी मात्र ताई जड पायांनी गेली. गस्तीवर गेलेला हवालदार परतला नव्हता. वरून निरोप आला तो 'बेपत्ता' एवढाच. त्यामुळे त्याच्या बायकोला, वहिनींना, धड रडताही येईना, धड आशाही सोडवेना.

त्यांची मुलगी जन्मापासून बहिरी. बाप तिला चिमणी म्हणायचा, कारण तिचे हात दिवसभर चिवचिवत. बापलेकीने आपली खुणांची भाषा घरीच घडवली होती. त्यात थट्टा होती, रुसवे होते, शेजारणींच्या नकलाही होत्या. ताई पूर्वी मूकबधिरांच्या शाळेत शिकवायची, म्हणून तिला त्यातलं बरंचसं उमगे.

"ताई, ही बापाशी बोलते," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुपारी, त्या काचेपाशी. मी अडवत नाही. निदान तिला तरी भेटतायत."

मागच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. बाहेर फरशी, कपड्यांची दोरी, पलीकडे करडी भिंत. माणूस कुणी नव्हतं. चिमणी काचेसमोर हात हलवायची, थांबायची, निरखून बघायची, मान डोलवायची.

आवडतं माणूस दिसेनासं झालं की मुलं असं करतात. ताईने ते पाहिलेलं होतं. वहिनींना तसा धीर देऊन ती निघाली.

पुढच्या खेपेला ती चिमणीचे हात बघत बसली.

चिमणीने 'पाणी' अशी खूण केली आणि ती थांबली. पुन्हा केली, सावकाश. मग नकाराची मान हलवून स्वतःचा अंगठा दुमडून दाखवला. असा नाही, असा. मग 'भूक'. मग 'आई'.

"वहिनी, या खुणा हवालदारांनीच बसवल्यात ना?"

"त्यांनीच. का हो?"

"मग ही शिकवतेय कुणाला?"

वहिनी उठल्या. त्यांनी काचेवर पडदा ओढला. चिमणीने रडून असा आकांत मांडला की दुसऱ्या दिवशी तो काढावा लागला.

ताईने त्या दोघींसाठी दुसरं घर मागितलं. ते मिळायच्या आतच हवालदार सापडला. डोंगरात वाट चुकला होता म्हणे. डॉक्टरांनी तपासलं. जुना व्रण, दात, बोटांचे ठसे, सगळं जागच्या जागी.

ताई भेटायला गेली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत ताठ बसून चहा पीत होता. तोंडाने बेताचंच बोलायचा. चिमणीशी मात्र झरझर खुणा करायचा, एकही न चुकता.

"देव पावला, ताई," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

ताई सांगणार काय, आणि कुणाला? लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

"बरं झालं हो," ती म्हणाली.

कप ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. तिथे मागच्या दाराला पाठ लावून चिमणी उभी होती. डोळे गच्च मिटलेले.

ताईने तिच्या खांद्याला हात लावला. काय झालं, असं खुणेने विचारलं.

चिमणीने आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग हात छातीशी धरून, कुणाला दिसू नयेत अशा बारक्या खुणा केल्या.

"काचेबाहेर अजून एकजण येतो."

ताईने काचेतून पाहिलं. दोरीवर गणवेश वाळत होता. बाकी काही नाही.

"त्यालाही शिकवायचंय?"

चिमणीने नकाराची मान हलवली.

"त्याला सगळं येतं. नुसता रडत असतो." तिने बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. "बाबांनी सांगितलंय, तिकडे बघायचं नाही."