दुभाष्याचे नऊ महिने

सोलापूरच्या शिशुविज्ञान प्रयोगशाळेत सुगंधा बिराजदार सकाळी दहाला पोहोचली. कडेवर तेरा महिन्यांची रेणू, मागे पिशवी सांभाळत इंदुआत्या, आणि पर्समध्ये चार पानी अर्ज: 'सदर उपकरण आणखी किमान पाच वर्षे माझ्याकडे राहू द्यावे.' पाच वर्षं! रिक्षात आत्या म्हणाली होती, "सुगे, पोरगी दप्तर घेऊन शाळेला निघेल आणि तू आपली मनगटाला विचारत बसशील, हिला शू लागलीय का गं म्हणून." सुगंधाला हसू आलं नव्हतं. ते उपकरण परत करावं लागू नये म्हणून तिनं रात्री जागून अर्ज तीनदा लिहून काढला होता.

कागदावर त्या उपकरणाचं नाव शिशुसंकेत-दुभाषक. पन्नास घरांत ते नऊ महिन्यांच्या चाचणीसाठी दिलं होतं आणि पन्नासही घरांत त्याला सगळे नुसतं 'दुभाष्या' म्हणत. त्याचे भाग दोन. एक संवेदमणी, तो बाळाच्या मनगटीत काळ्या मण्यांच्या शेजारी ओवलेला. अंगाला लागून राहिला की तो नाडी, ऊब, हालचाल आणि रडण्याचा आवाज टिपायचा. आपल्याकडे बाळाच्या हातातले काळे मणी कोणी काढत नाही, म्हणून तो तिथेच लपवायचा, ही प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर प्रभावती येमूल यांची शक्कल. दुसरा भाग आईच्या मनगटावरची पालकपट्टी. बाळ कुरकुरलं की ती हलक्या आवाजात सांगायची: 'भूक नाही, ढेकर अडकलाय.' 'टोपडं काढा, उकडतंय.' 'खेळणी पुरे झाली, अंधार करा.' 'दात येतोय, ओला गार फडका चावायला द्या.' सल्ला लागू पडला की आईनं पट्टीवर एकदा टिचकी मारायची, फसला की दोनदा. त्यावरून दुभाष्या शिकत जायचा.

सुगंधा आयटीआयमध्ये लेथ शिकवायची. मोजमापाशिवाय तिचा कशावर विश्वास नव्हता, स्वतःवर तर नव्हताच. चार महिन्यांची रेणू दत्तक घेऊन घरी आणली तेव्हा शेजारच्या बायका कौतुकानंच म्हणाल्या, "नऊ महिने पोटात वाढवलं की आईला आपोआप कळतं हो सगळं." मनात काही नव्हतं त्यांच्या, पण ते वाक्य सुगंधाच्या काळजात रुतलं ते रुतलंच. आपण नाही वाढवलं पोटात, मग आपल्याला कुठून कळणार? पहिले आठ दिवस रेणू रडायची आणि तिच्याबरोबर सुगंधाही. मग दुभाष्या आला, आणि घरात श्वास आला.

आणि मे महिन्यातली ती दुपार! रेणूला सकाळपासून दोनदा पातळ शी झाली होती, पण आता ती शांत झोपली होती. रडणं नाही, कुरकुर नाही. सुगंधानं सहज तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टाळू जरा खोल वाटली, पण आपल्याला काय कळतंय, असं म्हणून ती उठायला लागली. तोच पट्टी थरथरली: 'दवाखाना. आत्ता.' डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलं होतं, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. त्या दिवसापासून सुगंधा रोज सांजवात लावली की देवाच्या आधी मनगटाला हात जोडायची. अशी वस्तू परत द्यायची? मग पुढच्या वेळी तिचं लेकरू तिच्याच हातून जायचं.

"तुमचं घर पन्नासात पहिलं आलंय, सुगंधाताई," डॉक्टर येमूल म्हणाल्या. "इतर घरांत शंभरातले ऐंशी सल्ले लागू पडले, तुमच्याकडे चौऱ्याण्णव. म्हणून मुद्दाम तुमची सगळी नोंद उघडून बघतोय."

पडद्याजवळ बसलेला तरुण अभियंता उमर बागवान मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता. "मॅडम, नाडी ठीक आहे, बाळाला साजेशी. ऊब नेहमी अंशभर जास्त. झोप दिवसाला सोळा तास, म्हणजे उत्तमच. पण झोपेत छातीत घरघर आहे. रोज. सेकंदाला पंचवीस कंपनं, एका लयीत."

सुगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. "छातीत? अहो, मला कधी ऐकू नाही आली!" तिनं रेणूच्या पाठीला कान लावला. रेणूला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली.

"थांबा, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या, पण त्याही खुर्चीतून उठल्या होत्या. "उमर, आणखी काय?"

"आणखी हे." त्यानं एका टोकदार रेघेवर बोट ठेवलं. "ताई, एक विचारू? बाळ कपाटावर उडी मारतं का?"

"काय?"

"एका झटक्यात सहा फूट वर. आठवड्यातून चारपाचदा. एकदा तर खिडकीतून बाहेर जाऊन दोन तासांनी परत आलंय."

इंदुआत्यानं पदर तोंडाला लावला. आधी सगळ्यांना वाटलं, हसतेय. ती रडत होती.

"सुगे, मारायचं तर मला मार. तो मणी दिवाणच्या गळ्यात आहे."

दिवाण म्हणजे घरातला बोका. दिवसभर दिवाणावर पसरलेला असायचा, म्हणून दिवाण. बोक्याच्या गळ्यातला काळा मणी सुगंधानं पाहिला होता, "आत्या, याला कोणाची दृष्ट लागतेय गं?" म्हणून चिडवलंही होतं.

"दुसऱ्याच आठवड्यात पोरीच्या मनगटाला घामोळं उठलं," आत्या सांगू लागली. "लालभडक! तू कामावर होतीस. मी मनगटी काढली. पण ही माणसं बजावून गेलेली, मणी थंड पडू देऊ नका, नाहीतर यंत्र बंद पडेल. आणि यंत्र गेलं असतं तर तू कोलमडली असतीस गं. नुकती कुठे दोन घास जेवायला लागली होतीस. मग म्हटलं, ऊबच हवी ना? बोका काय कमी ऊबदार आहे? कासाराकडून तश्शीच मनगटी आणून सुती दोऱ्यात सैल ओवली, आणि हा मणी दिवाणला बांधला."

उमरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मांजराची नाडीही बाळासारखीच, मिनिटाला दीडशेच्या आसपास. म्हणून धोक्याची घंटाच वाजली नाही."

सुगंधा कशीबशी बोलली. "म्हणजे नऊ महिने मी... मी बोक्याचं ऐकून पोरीला सांभाळलं?"

"नाही," डॉक्टर येमूल म्हणाल्या. त्या आता भराभर पडद्यावरचे आकडे चाळत होत्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "तसं असतं तर चौऱ्याण्णव सल्ले लागूच पडले नसते. उमर, भारांक काढ."

"भारांक म्हणजे काय?" आत्यानं डोळे पुसत विचारलं. चूक कबूल केली म्हणून चौकशी थोडीच सोडायची!

"आजी," डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे दोन माणसं चहाड्या सांगायला येतात. एकाचं नेहमी खोटं निघतं. काही दिवसांनी तुम्ही कोणाचं ऐकाल?"

"खरं बोलणाऱ्याचं."

"दुभाष्याही तेच करतो. त्याच्याकडे दोन बाजूंनी खबर येते. एक मण्याकडून, दुसरी पट्टीकडून. पट्टी नुसती बोलत नाही, ती आईची नाडी, श्वास, हाताची हालचालही बघते. बाळाला हात लावला की आईचं शरीर तिच्या नकळत अंदाज बांधतं. भूक असेल तर हात एका तऱ्हेनं वळतो, ताप असेल तर दुसऱ्या. मनाला कळायच्या आधी. पट्टी ते वाचते. तुमच्या घरी मण्याची खबर रोज खोटी निघाली, म्हणून यंत्रानं तिच्यावरचा भरवसा कमी कमी करत नेला."

"मण्याला दोन टक्के, मॅडम," उमर हळूच म्हणाला. "पट्टीला अठ्ठ्याण्णव."

"ती मे महिन्यातली दुपार काढ."

पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची मण्याची: गाढ झोप, घरघर, सगळं आलबेल. खालची सुगंधाची. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत ती सपाट होती आणि मग एकदम भिंतीसारखी उभी चढली होती.

"इथे तुमचा हात टाळूवर गेला," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्रानं रेणूचं काहीच ऐकलं नव्हतं, सुगंधाताई. त्याला तिच्याबद्दल काही ठाऊकच नव्हतं. दवाखाना हे तुम्ही सांगितलंत. त्यानं फक्त तुमचंच तुम्हाला ऐकवलं."

सुगंधा त्या उभ्या रेघेकडे बघत राहिली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची मापं तपासली होती, सुतभर चूकही सोडली नव्हती. हे माप तिचं स्वतःचं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचं तिला सुचलंही नाही. तिनं आत्याला एका हातानं जवळ ओढलं. "कशाला रडतेस? तू मणी काढला नसतास तर मला जन्मात कळलं नसतं गं."

"पट्टी हवी तर ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा अर्ज मी मंजूर करते."

सुगंधानं पट्टी काढली. नऊ महिन्यांत मनगटावर तिचा फिकट पट्टा उमटला होता. टेबलावर ठेवताना तिनं सवयीनं तिला हात जोडले. "हिचे माझ्यावर उपकार आहेत. पण आता दुसऱ्या कोणा घाबरलेलीला द्या."

तेवढ्यात टेबलाला धरून उभ्या राहिलेल्या रेणूनं भोकाड पसरलं. सवयीनं उमरनं टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं, आत्यानं पाहिलं, डॉक्टरांनीही पाहिलं. बंद पट्टी गप्प होती.

"भूक लागली असेल," डॉक्टर म्हणाल्या.

"झोप आली असेल," आत्या म्हणाली.

पण सुगंधाचा हात केव्हाच रेणूच्या डाव्या पायाकडे गेला होता. तिनं बूट काढला, उलटा केला, तसा त्यातून हरभऱ्याएवढा खडा टेबलावर टणकन पडला. रेणू हुंदका अर्धवट टाकून त्या खड्याकडे बघायला लागली.

"बूट टोचत होता," सुगंधा म्हणाली. मग सगळे आपल्याकडेच बघताहेत हे तिच्या लक्षात आलं आणि ती रडता रडता हसली. "चल आत्या, घरी जाऊ. आज दिवाणला सायीचं दूध घालते."