शेवटून पहिली चिठ्ठी

मतदानाची वेळ संपली की रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटायच्या आणि त्या शेपटाकडून वाटायच्या, असा नियम. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी उभा असेल त्याला. म्हणजे मागून हळूच कुणी घुसायला नको. शाळेतल्या बाई चिठ्ठ्या घेऊन व्हरांड्यात आल्या तेव्हा अंधारून आलं होतं. दिवा उगाच मिणमिणत होता आणि उभं राहून राहून बाईंच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती.

या वस्तीची मतदारयादी बाईंच्याच गळ्यात होती. शाळा सुटली की दारोदार फिरायचं. कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोण वारलं, ते टिपायचं. काम एकदम चोख. लोकांचे आजोबा त्यांनी पापणी न लववता यादीतून काढले होते. "अगं, आम्हाला जरा रडू तरी दे!" म्हणून शेजारच्या काकूंनी एकदा त्यांना झापलंही होतं. स्वतःच्या वडिलांपाशी मात्र त्यांचा हात आखडला. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती, मृत्यूचा दाखला कपाटात होता, नाव काढायचा अर्ज पर्समध्ये घडीवर फाटायला आला होता. पण आप्पांच्या नावापुढे ‘मयत’ लिहायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. उद्या लिहू, म्हणत राहिल्या.

सकाळी चहा पिताना थोरल्या भावाने खडा टाकून पाहिला होता.

"आप्पांचं नाव आहे ना अजून? मग मत वाया कशाला घालवायचं? तोंडावळा तर तोच आहे माझा."

"दादा, डोकं फिरलंय का तुझं? तू तुरुंगात जाशील आणि माझी नोकरी जाईल."

तो नुसता हसला.

रांगेच्या टोकाला, भिंतीलगतच्या अंधारात, एक वाकलेला माणूस उभा होता. तोंडाभोवती मफलर, अंगात तपकिरी स्वेटर. स्वेटरच्या कोपराला निळ्या लोकरीचं ठिगळ. तपकिरी लोकर संपली म्हणून ते बाईंनीच तसं लावलं होतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आप्पांची ट्रंक उपसून हा सोंग घेऊन आला तर!

"दादा, घरी जा," त्या दातओठ खात पुटपुटल्या. "पाया पडते तुझ्या."

त्याने फक्त हात पुढे केला. बाईंनी एक नंबरची चिठ्ठी त्या हातावर आदळली. आप्पा छातीला चोळायचे त्या मलमाचा उग्र वास आला. वाससुद्धा लावून आलाय मेला, असं त्यांच्या मनात आलं.

बाकीच्या चिठ्ठ्या त्यांनी कुणाच्या तोंडाकडे न बघता वाटल्या. डोळे भरून आले होते. भावाचा राग आला होताच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. दार त्यांनीच तर उघडं ठेवलं होतं.

खोलीत येऊन त्या यादी पुढ्यात घेऊन बसल्या. नाव शोधून मोठ्याने वाचणं त्यांचं काम. शेजारी शाईवाला, पलीकडे केंद्राचे साहेब. रांग सरकत राहिली. सख्खा भाऊ असला तरी धरून द्यायचा, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं.

दोन नंबरची चिठ्ठी टेबलावर आली. बाईंनी वर पाहिलं आणि त्यांचं पेन गळून पडलं.

समोर दादा होता. अंगात सकाळचाच शर्ट, स्वतःच्या मताची शाई काढायला घासून घासून लाल केलेलं बोट.

"मी... आप्पांचं नाव सांगायलाच आलो होतो," तो कुजबुजला. "पण अगं, मघापासून माझ्या मागे... कुणीतरी खोकतंय. त्यांच्यासारखं. मागे वळायचं धाडस नाही झालं... तूही बघू नकोस..."

चिठ्ठी तिथेच टाकून तो दुसऱ्या दाराने पळत सुटला.

मलमाचा वास टेबलापर्यंत आला. एक नंबरची चिठ्ठी हळूच यादीवर ठेवली गेली. मफलर खाली सरकला.

आप्पा.

बाईंचं अंग बर्फ झालं.

"नाव आहे ना माझं... बाळ?"

साहेबांनी यादीतल्या फोटोकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "जुळतोय. वाचा बाई, उशीर होतोय."

काय सांगणार? हा माणूस मेलाय म्हणून? मग त्याचं नाव यादीत कसं, हा पुढचा प्रश्न. बाईंनी वडिलांचं नाव वाचलं. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"आजोबा, बोट किती गार हो तुमचं," म्हणत शाईवाल्याने रेघ ओढली.

आप्पांनी मतपत्रिका डोळ्यांशी नेली. "चष्मा घरीच राहिला... काही दिसत नाही गं. शिक्का कुठं मारू... तू सांगतेस?"

"तसं सांगता येत नाही, आजोबा," साहेब जांभई देत म्हणाले.

आप्पांनी मान डोलावली. नियम ते कायम पाळायचे. पडद्याआड शिक्क्याचा आवाज झाला, मतपत्रिका पेटीत पडली, आणि ते दुसऱ्या दाराने अंधारात निघून गेले.

पुढच्या आठवड्यात बाई अर्ज आणि दाखला घेऊन निवडणूक कार्यालयात गेल्या. ‘मयत’ हा शब्द आता त्यांनी घोटून लिहिला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी मतदानाची नोंद काढली आणि कपाळाला आठ्या घालून ती त्यांच्यापुढे सरकवली.

"दाखला तीन वर्षांपूर्वीचा आणि मत गेल्या रविवारचं. तेही तुमच्यासमोर, खाली तुमची सही. म्हणजे एकतर हे गृहस्थ जिवंत आहेत, नाहीतर तुम्ही बोगस मत घालू दिलंत. काय लिहू?"

बाईंनी अर्ज परत घेतला. नाव यादीत राहिलं.

घरी आल्या आल्या चपलाही न काढता त्यांनी आप्पांचं कपाट उघडलं. चष्म्याचं घर उघडं पडलं होतं. आत चष्मा नव्हता.

दादा खिडकीपाशी बसला होता.

"शोधू नकोस," बहिणीकडे न बघता तो म्हणाला. "दुपारी येऊन घेऊन गेले. पुढच्या मतदानाला लागेल म्हणाले."